राजीनाम्यावरची सही

सुखदेव नगराळे शिडीवरून पडला तो जूनच्या एकोणीस तारखेला, भर दुपारी. गुरुग्रामच्या एका उंचच उंच सोसायटीत तो पंप ऑपरेटर होता. सहा टॉवरांचं न्हाणंधुणं त्याच्या हातातल्या चाव्यांवर चालायचं. बाहेर उन्हाळी वाऱ्याची लू अशी सुटली होती की गच्चीवरच्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. टाकीचा व्हॉल्व्ह अडकला म्हणून सुपरवायझर विक्रांतने त्याला वर पिटाळलं. शिडी धरायला दुसरा माणूस लागतो. तो दुसरा माणूस त्या वेळी कुणाच्या तरी वाढदिवसाला स्विमिंग पूलपाशी खुर्च्या मांडत होता. शिडीच्या पायांचं रबर झिजलंय, हे सुखदेवने तीनदा सांगितलेलं. हेल्मेटं होती ना, कोरी करकरीत होती! पण स्टोअरमध्ये कुलपात. कुणी साहेब तपासणीला आला की वाटायची आणि त्याची गाडी गेटबाहेर पडली की परत गोळा करायची. सुखदेव दहा-बारा फुटांवरून खाली आला तो डोक्यावरच. हातपाय शाबूत राहिले. मार लागला तो मेंदूला.

तीन आठवडे सरकारी इस्पितळात गेले. त्याची बायको भावना पलंगाखाली चटई टाकून पडून असायची. घरी आणलं तेव्हा जो तो म्हणाला, वाचला बाई, नशीब तुझं. वाचला म्हणे! लोकांना बोलायला काय जातंय? डोक्यावरची खूण केसांनी झाकली आणि बघणाऱ्याला सुखदेव होता तसाच दिसायला लागला. चालायचा, बोलायचा, दोन वेळा जेवायचा. फक्त वरणात मीठ आहे की साखर हे त्याला कळत नव्हतं. सांगितलं तर काम करायचा, नाही सांगितलं तर भिंतीकडे बघत बसायचा. आणि एकदा सुरू केलं की थांबायचा नाही. लसूण सोलायला दिला तर लसूण संपल्यावर कांदे सोलायचा, कांदे संपले की बटाटे. डॉक्टरीणबाईंनी भावनाला सांगितलं होतं, "दिमाग का जो हिस्सा 'बस' कहता है, चोट उसी को लगी है।" भावनाने ते वाक्य पाठ करून ठेवलं. पुढे जो कोणी "आता बरे दिसतात" म्हणाला त्याला ती ते ऐकवायची.

मुनिरकाच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची भाड्याची खोली होती. समोरची इमारत इतकी जवळ की तिकडच्या पोरीने केस झटकले तर थेंब इकडे यावेत. भावना दोन गल्ल्या पलीकडे मुलींच्या पीजीत पोळ्या लाटायची. सकाळी दीडशे, संध्याकाळी दीडशे. उजवा खांदा कायम सुजलेला. शाळेतून मुलगी लुंबिनी येईपर्यंत सुखदेवजवळ कोणी नसे. म्हणून भावना जाताना बाहेरून कडी लावायची. तेरा वर्षांची लुंबिनी दुपारी येऊन ती काढायची. नवऱ्याला कडीत ठेवून बाई दुसऱ्यांच्या पोळ्या लाटते, हे गल्लीभर झालं होतं. बायका तोंडावर काही बोलत नसत, एवढीच त्यांची मेहेरबानी.

ऑगस्ट संपता संपता विक्रांत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात सोनपापडीचा डबा, काखेत फाइल. भावना कणीक तिंबत होती. हात तसेच ठेवून ती उठली.

"भाभीजी," विक्रांत म्हणाला, "मामला ऐसे लटका रहे, ये ठीक नहीं। ठेकेदार साहब का दिल बड़ा है। राज़ीनामा कर देते हैं, चेक आज ही ले लीजिए।"

राजीनामा. भावनाला नवल वाटलं नाही. दोन महिने ती हेच मनात घोळवत होती. ज्या माणसाला घरची बादली भरली की नळ बंद करायचं कळत नाही, तो सहा टॉवरांचे पंप काय चालवणार? नोकरी आज ना उद्या सुटणारच होती. राहिलेला पगार, बोनस जे काय असेल ते पदरात पडेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तरी बाई हुशार. म्हणाली, "रुकिए, हमारे भतीजे को बुलाती हूँ।"

भतीजा म्हणजे प्रफुल्ल, सुखदेवच्या थोरल्या चुलतभावाचा मुलगा. बाप वर्ध्याहून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आला आणि प्रफुल्ल इथेच जन्मला, इथेच वाढला, इथेच एका मंत्रालयात क्लार्क झाला. घराण्यातला शिकलेला माणूस. कागद म्हटला की सगळे नगराळे प्रफुल्लकडे बघायचे. शनिवार होता, तासाभरात तो स्कूटरवर आला. जय भीम झालं, पंख्याखाली बसला आणि दोन पानं वरपासून खालपर्यंत वाचली.

"काकू, राजीनामा आहे," तो म्हणाला. "तुमची मर्जी आहे ना? बिल्कुल सोचून सांगा."

"मर्जी कसली रे बाबा," भावना म्हणाली. "आता दुसरा काय मार्ग आहे? देऊन टाकू."

"काका तर काही बोलणार नाहीत. मतलब, तुम्हीच ठरवायचंय."

"ठरवलं. संपवून टाक एकदाचं."

भावना दहावी पास होती आणि त्याचा तिला अभिमान होता. अंगठा उठवणारी बाई नव्हती ती. कणकेचे हात पुसून तिने कागद घेतला आणि मथळा मोठ्याने वाचला, "राजीनामा." खाली बारीक टायपात प्रथम पक्ष, द्वितीय पक्ष अशी घट्ट हिंदी होती. प्रफुल्लने वाचलंय म्हणून तिने नजर नुसती फिरवली.

"अहो, इथे सही करा," तिने सुखदेवला सांगितलं.

सही म्हटल्यावर सुखदेवचा चेहरा उजळला. त्याची सही देखणी होती. 'सु. दा. नगराळे', खाली एक आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेली. त्याने पहिल्या पानावर केली, दुसऱ्यावर केली आणि मग सोनपापडीच्या डब्यावरही करायला लागला. विक्रांत खो खो हसला आणि पेन काढून घेतलं. भावनाने आपली सही केली, प्रफुल्लने साक्षीदार म्हणून केली. चेक चाळीस हजारांचा होता. तो हातात धरायला लावून विक्रांतने सुखदेवचा फोटो काढला. सुखदेव फोटोत हसला.

ऑक्टोबरात एके दिवशी भावना लुंबिनीच्या आधीच पीजीतून परतली तर जिन्यावरून पाणी वाहत होतं. तळमजल्यावर घरमालकीण कमरेवर हात ठेवून उभी. "पूरी टंकी खाली कर दी तेरे आदमी ने! पागल को पालना है तो गाँव ले जा!" भावना चपला हातात घेऊन वर धावली. सकाळी घाईत ती म्हणून गेली होती, बादली भरून ठेवा. बादली भरली होती. सुखदेव नळापाशी उकिडवा बसला होता आणि भरल्या बादलीत पाणी पडत होतं. पायाची बोटं भिजून पांढरी पडली होती. सकाळी नऊपासून बसला असावा.

"नळ बंद करा!" ती ओरडली.

त्याने लगेच बंद केला. "प्रेशर चांगलं आहे आज," तो म्हणाला.

भावनाला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, हात उचललाही गेला. मग तोच हात कपाळावर मारून ती ओल्या फरशीवर बसली. एका टॉवरची टाकी भरायला किती मिनिटं लागतात हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा माणूस हा! त्या विक्रांतचा, त्या ठेकेदाराचा, त्या कुलूपबंद हेल्मेटांचा तिने त्या दिवशी जो काही उद्धार केला तो वर्ध्याच्या बोलीत केला, म्हणून घरमालकिणीला कळलं नाही. ती आपल्यालाच शिव्या पडल्या समजून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पीजीतल्या एका वकिली शिकणाऱ्या पोरीने तिचा चेहरा पाहून विचारलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आंटी, काम पे चोट लगी है तो मुआवज़ा बनता है। ज़िंदगी भर की देखभाल का। नौकरी का हिसाब अलग चीज़ है।" तिनेच पत्ता दिला. ॲडव्होकेट हेमलता, जुनी वकील, आवाज कडक, फी जिंकल्यावर. दिवाळीआधी गुरुग्रामच्या कामगार आयुक्तांकडे नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला. भावनाला त्या दाव्यातून एकच हवं होतं. तिच्यामागे आपला माणूस कडीत राहू नये. दिवसभर त्याच्याजवळ बसायला कोणी ठेवता यावं, आणि ते ज्यांनी त्याला पाडलं त्यांच्या खिशातून यावं.

डिसेंबरात धुराचं धुकं गल्लीत उतरलं होतं, घसे खवखवत होते. हेमलतामॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि ती बसायच्या आधीच कागद टेबलावर आपटला.

"आपने राज़ीनामा कर रखा है और मुझे बताया तक नहीं?"

"हाँ मैडम, राजीनामा तो दिया था," भावना म्हणाली. "अगस्त में ही दिया।"

"इतने आराम से बोल रही हैं! फिर दावा किसलिए किया?"

"काहून?" भावनाच्या तोंडून मराठीच गेलं. मग म्हणाली, "राजीनामा दिया तो क्या? नौकरी ही तो छोड़ी है। मुआवज़ा अलग होता है ना?"

हेमलतामॅडमनी कागद पुन्हा उचलला. "नौकरी? इसमें नौकरी कहाँ से आ गई?"

"राजीनामा मतलब नौकरी छोड़ना।"

"राज़ीनामा मतलब समझौता, भावनाजी। दोनों पक्ष राज़ी। आपने लिखकर दिया है कि चालीस हज़ार लेकर अब कोई दावा नहीं करेंगे।" त्यांनी बोट ठेवून ओळ दाखवली. भावनाने या वेळी प्रत्येक अक्षर वाचलं. 'स्वेच्छा से, बिना किसी दबाव के, पूरे होशोहवास में।' खाली तिची सही होती, वळणदार, दहावी पास बाईची.

अख्ख्या महाराष्ट्रात ज्याला नोकरी सोडणं म्हणतात, त्याला हे लोक समझौता म्हणतात! लहानपणापासून तो शब्द तिच्या तोंडात होता, कधी फोडून पाहिला नव्हता. राजी-नामा. नोकरी सोडताना कोण मेलं राजी असतं?

मॅडम थोड्या निवळल्या. म्हणाल्या, अशा कागदाला कायद्यात फारशी किंमत नाही, मजुराचा हक्क असा लिहून घेता येत नाही. पण ठेकेदाराची चाल दुसरीच आहे. "वो कहेंगे, आदमी ठीक है। अपने हाथ से साफ़ दस्तख़त किए, समझकर किए। दिमाग में चोट होती तो करता? इसी कागज़ से वो आपके पति को भला-चंगा साबित करेंगे।" आणि तो कागद तिच्यासाठी वाचणाऱ्या माणसाने येऊन खरं काय झालं ते सांगितलं, तर बरं होईल, असंही त्या म्हणाल्या.

भावना तिथून थेट प्रफुल्लच्या सरकारी क्वार्टरवर गेली. त्याने पाणी आणलं. तिने पेल्याला हात लावला नाही.

"प्रफुल्ल, राजीनामा म्हणजे काय रे?"

"समझौता, काकू. कॉम्प्रोमाइज."

"आणि नोकरी सोडताना देतात तो?"

"इस्तीफा."

"मराठीत."

"मराठीत पण… इस्तीफाच नाही का?"

भावना हसली. ते हसू पाहून प्रफुल्ल एक पाऊल मागे सरला. त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"पहाडगंजच्या मराठी शाळेत काय शेंगा सोलत होतास?"

"चौथीपर्यंतच होतो, काकू. यार, मला तर वाटलं तुम्ही समझौताच करताय. मी दोनदा विचारलं ना? तुम्ही म्हणालात, देऊन टाकू, संपवून टाक."

ते खरं होतं आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. तोंडभर शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मग तू येऊन हे साहेबासमोर सांग," ती म्हणाली.

"काकू, मी सरकारी नोकर आहे. साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्यावर. ऑफिसात कळलं, एन्क्वायरी लागली तर? प्रमोशन ड्यू आहे माझं."

"तुझी सही खरी, माझी सही खरी, ह्यांचीही खरी," भावना म्हणाली. तिचा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेला. "सगळ्यांच्या सह्या खऱ्या आणि कागद तेवढा खोटा! तुझं प्रमोशन होऊ दे बाबा. तुझ्या काकाचंही झालंय. तो आता फक्त एकाच नळाचा साहेब आहे." ती उठली आणि मागे न बघता जिना उतरली.

सुनावणी जानेवारीत होती. सकाळी धुकं इतकं दाट की गल्लीच्या तोंडावरचा चहावाला दिसत नव्हता. भावनाने सुखदेवला आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट घातला, मफलर गुंडाळला. मग तिला वाटलं, कशाला एवढं नीटनेटकं केलं? तिथे हा जितका चांगला दिसेल तितकं आपलं वाईट. क्षणभर तिने त्याचे केस विस्कटायला हात नेला. लगेच तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावणाऱ्यांचा राग आला. तिने त्याचा भांग नीट पाडला.

मेट्रोत गर्दी होती. हौज खासला गाडी बदलताना तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला. कार्यालयात खोलीबाहेर लांब बाक होता. विक्रांत तिथे आधीच बसलेला, शेजारी ठेकेदाराचा वकील, काळा कोट, केसांना तेल. विक्रांतने सुखदेवच्या खांद्यावर थाप मारली. "क्या हाल है, सुखदेव?"

"बढ़िया साहब," सुखदेव म्हणाला आणि उभा राहिला. ज्याने त्याला त्या शिडीवर चढवलं त्याच्यासमोर तो अदबीने उभा राहिला. भावनाने दंडाला धरून त्याला खाली बसवलं.

पुकारा होणार तेवढ्यात प्रफुल्ल धापा टाकत आला. हेल्मेट काढायचंही त्याला भान नव्हतं. भावनाने सरकून त्याला बाजूला जागा दिली.

आत आयुक्तसाहेब पन्नाशीचे, खांद्यावर शाल, टेबलाखाली हीटर. हेमलतामॅडमनी इस्पितळाचे कागद दाखवले. स्मरणशक्ती, निर्णयशक्ती, किती टक्के काय गेलं ते सांगितलं. मग प्रफुल्ल उभा राहिला. अडखळत, घाम पुसत, पण त्याने सांगितलं. मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, काकू नोकरीचं समजल्या, मी समझौत्याचं समजलो, चूक माझी आहे. शेवटचे तीन शब्द तो दोनदा बोलला.

ठेकेदाराचा वकील हसला. "सर, अब केस मराठी की डिक्शनरी से चलेगा? मैडम पढ़ी-लिखी हैं। शीर्षक खुद पढ़ा, ज़ोर से पढ़ा। क्यों मैडम, पढ़ा था ना?"

"पढ़ा था," भावना म्हणाली. नाही कसं म्हणणार?

"बस। और सर, जिसे चोट लगी वो सामने बैठा है। आप खुद पूछ लीजिए।"

साहेबांनी सुखदेवला विचारलं, "नाम?"

"सुखदेव दामोदर नगराळे।"

"काम क्या करते हो?"

"पंप ऑपरेटर। छह टावर।"

"तबीयत कैसी है?"

"एकदम बढ़िया, सर।"

वकिलाने राजीनामा त्याच्यापुढे सरकवला. "ये दस्तख़त आपके हैं?"

सुखदेवने वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड हसरं झालं. "हाँ जी। मेरे ही हैं।"

"किसी ने ज़बरदस्ती की थी?"

"नहीं जी।"

वकिलाने हात पसरले. साहेबांनी काहीतरी लिहायला घेतलं. हेमलतामॅडम बोलायला लागल्या तोच भावना उठली. इतके महिने जो तो तिला समजावत होता, शांत राहा, कोर्टात आवाज चढवू नका. आता काय शांत राहायचं? तिने पिशवीतून कागद काढला. पीजीच्या किराण्याची यादी होती ती, मागची बाजू कोरी. वकिलाच्या पुढ्यातलं पेन तिने न विचारता उचललं आणि टेबलावर वाकून मोठ्या अक्षरांत लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, एकेक शब्द, दहावीच्या वर्गात उभं राहून वाचावा तसा.

"मैं सुखदेव नगराळे मर चुका हूँ। अब मेरा किसी पर कोई दावा नहीं।"

"ये क्या नाटक है?" वकील म्हणाला.

भावनाने कागद सुखदेवपुढे ठेवला. "अहो, हे वाचा."

सुखदेवने वाचलं, स्पष्ट आवाजात, कुठेही न अडखळता. मर चुका हूँ.

"आता सही करा."

त्याने पेन घेतलं. 'सु. दा. नगराळे', खाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. करून झाल्यावर मान मागे घेऊन त्याने ती पाहिली. सुखदेवचा हात मात्र चालूच होता. एक कागद झाला तसा त्याने शेजारी पडलेली वकिलाची फाइल ओढली, उघडली आणि पहिल्या पानावर 'सु' काढला. दुसरं अक्षर काढणार तेवढ्यात वकिलाने झडप घालून ती त्याच्या हातून हिसकावली.

"अरे! कोर्ट का कागज़ है! पागल है क्या?"

शब्द निघून गेला होता. वकिलाने तो गिळायला ओठ मिटले, पण साहेबांनी मान वर केली होती. विक्रांत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

"का हो वकीलसाहेब?" भावना म्हणाली. राग असा दाटला होता की हिंदी आठवायला तिला क्षण लागला. "करने दीजिए ना। दस्तख़त तो असली है। पूरे होशोहवास में कर रहा है। मेरे घर में आकर किया तो समझदार था, आपकी फाइल पर किया तो पागल?"

वकिलाने फाइल छातीशी धरली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग हात पुढे करून किराण्याच्या यादीचा तो कागद मागितला, मागून-पुढून पाहिला आणि कारकुनाला म्हणाले, "इसे रिकॉर्ड पर लीजिए।" मग पुन्हा एकदा पाहिला. "इस पर तारीख नहीं है।"

तारीख म्हटल्यावर सुखदेव ताठ बसला. पंपाच्या रजिस्टरात सहीखाली रोज तारीख टाकायची सवय होती त्याला, बारा वर्षांची. त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला, पेन टेकवलं आणि बायकोकडे बघून विचारलं,

"तारीख कोणती टाकू गं?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. जानेवारीचं पान सगळ्यांना दिसत होतं. भावनाने तिकडे पाहिलंच नाही. इतक्या महिन्यांत जे पाणी तिने डोळ्यांत येऊ दिलं नव्हतं ते आता आलं, आणि तिने ते पुसलंही नाही.

"एकोणीस जून," ती म्हणाली.

त्याने दोन टिंबांखाली सावकाश लिहिलं. एकोणीस, सहा, आणि गेलेलं वर्ष. मग तिच्यापुढे धरलं.

"बरोबर?"

"बरोबर," भावना म्हणाली आणि त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं.